हसरा इतिहास: एका पुस्तकापासून ब्रँडपर्यंतची वाट

इंग्लंडमध्ये १९९३ साली मुलांसाठी इतिहासाची दोन पुस्तके निघाली. एक ट्यूडर राजवटीवर होते, दुसरे प्राचीन इजिप्तवर. मालिकेचे नाव ‘हॉरिबल हिस्टरीज’, मुख्य लेखक टेरी डिअरी, चित्रकार मार्टिन ब्राउन आणि प्रकाशक स्कोलॅस्टिक. प्रकाशकांच्या डोक्यात आधी इतिहासावरच्या विनोदांचे पुस्तक होते. डिअरी कागदपत्रे चाळू लागले आणि त्यांना दिसले, की विनोदापेक्षा खऱ्या हकिकतीच जास्त रंजक आहेत. मग पुस्तकाचे स्वरूप उलटले. हकिकत पुढे आली आणि विनोद तिच्या सोबतीला राहिला. पुढे या मालिकेच्या अडीच कोटींहून अधिक प्रती खपल्या. कार्टून, मासिक, रंगमंच, दूरचित्रवाणी, खेळ आणि शेवटी चित्रपट असा तिचा पसारा झाला.

मराठीत असे करता येईल का, हा प्रश्न प्रकाशनाच्या वर्तुळात अधूनमधून निघतो. उत्तर शोधायचे तर हे काम टप्प्याटप्प्याने कसे चालते ते पाहावे लागेल. त्यासाठी एक खरी जागा डोळ्यांसमोर ठेवू: भोर तालुक्यातले, पुणे-सातारा महामार्गालगतचे कामथडी. नसरापूरच्या चेलाडी फाट्यावरून रस्ता वेल्ह्याकडे, म्हणजे राजगड-तोरण्याकडे जातो. कापूरहोळवरून एक वाट भोरकडे, रोहिड्याच्या पायथ्याशी, आणि दुसरी नारायणपूरमार्गे पुरंदरकडे निघते. मुलांसाठी इतिहास लिहिणाऱ्याला याहून दाट मुलूख मिळणे अवघड आहे.

आधी कच्चा माल

अशा मालिकेचा पाया पुराव्यावर असतो. या मुलखातला पुरावा किती बोलका आहे, याची तीन उदाहरणे पाहा.

पहिले वाढदिवसाचे. शिवाजी महाराजांचा जन्म १६२७चा की १६३०चा, यावर महाराष्ट्रात कित्येक दशके वाद चालला. १६३०च्या बाजूने सर्वांत महत्त्वाचा पुरावा ठरली ती जेधे शकावली, म्हणजे घटनांची तारीखवार नोंद. ही शकावली भोर तालुक्यातल्या कारी गावच्या जेधे घराण्याने जपून ठेवली होती आणि लोकमान्य टिळकांनी ती अभ्यासकांपुढे आणली. पुढे राज्य शासनानेही १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. मोठी माणसे एका वाढदिवसावरून इतकी वर्षे भांडत होती, ही गोष्ट दहा वर्षांच्या मुलाला खुदकन हसवते. इतिहास कशावरून ठरतो हेही ती त्याला न सांगता शिकवते.

दुसरे राजगडावरचे. २४ फेब्रुवारी १६७० रोजी राजाराम महाराज जन्मले ते पालथे. लोकांना हा अपशकुन वाटला. सभासद बखर सांगते, की महाराजांनी मात्र याचा अर्थ लावला: हा दिल्लीची पादशाही पालथी घालील. या प्रसंगातला विनोद महाराजांच्याच तोंडचा आहे. लेखकाला त्यात पदरची भर घालावी लागत नाही.

तिसरे उंदराचे. १६७०च्या दशकात चिपळूणजवळ छावणी केलेल्या आपल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना महाराजांनी पत्र पाठवले. पावसाळा तोंडावर होता आणि गवत व दाणा जपून वापरायचा होता. पत्रात ताकीद आहे ती अगदी घरातल्या वडीलधाऱ्यासारखी. कोणी गवताजवळ चुली पेटवतील, कोणी चिलमीसाठी विस्तव नेतील, रात्री दिवा तसाच ठेवतील आणि उंदीर पेटती वात तोंडात धरून नेईल. मग गवत जळेल आणि घोडी मरतील. रयतेच्या घरचे दाणे, भाकर, भाजी उचलू नका, हेही याच पत्रात आहे. हातात राज्य असलेला माणूस उंदराच्या तोंडातल्या वातीपर्यंत विचार करतो, हे मुलांना एका चित्रात कळते.

एक जोडपान कसे बनते

आता हेच पत्र पुस्तकात कसे उतरेल ते पाहू. डाव्या पानावर रात्रीची छावणी: घोड्यांची रांग, गवताची गंजी, पेंगणारा पहारेकरी आणि कोपऱ्यात वात तोंडात धरलेला उंदीर. वर मोठ्या अक्षरात प्रश्न: ‘आग लावली कोणी?’ खाली तीन संशयित. चुलीवर भाकरी थापणारा शिपाई, चिलीम ओढणारा शिपाई आणि उंदीर. तिघांचाही जबाब दोन-दोन ओळींचा, तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. उजव्या पानावर निकाल: पत्राने तिघांनाही आधीच ओळखले होते. त्याखाली शे-सव्वाशे शब्दांत गवत एवढे मोलाचे का, याचे उत्तर. घोडदळ गवतावर चालते, पावसाळ्यात नवे गवत वाळत नाही आणि साठा संपला तर सैन्य रयतेच्या शेतात शिरते. तळाशी लहान चौकट: हे आम्हाला कशावरून कळले?

ही शेवटची चौकट मालिकेचा कणा आहे. तिच्यात तीन शिक्के वापरता येतील. ‘पत्र’ म्हणजे त्याच काळातला कागद. ‘बखर’ म्हणजे नंतर लिहिलेली हकिकत. ‘पोवाडा’ म्हणजे लोकांनी गाऊन जपलेली गोष्ट. सिंहगडावर घोरपडीला दोर बांधल्याची गोष्ट तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातली आहे. सभासद बखरीत मावळे कडा चढून गेले एवढेच आहे, घोरपड नाही. मुलांना घोरपड आवडते, तर ती चित्रात राहू द्यावी, पण तिच्या पाठीवर ‘पोवाडा’ हा शिक्का मारावा. गोष्टीचा आनंद जात नाही आणि पुराव्याची शिस्तही राहते.

कोणाला हसायचे हा प्रश्न महाराष्ट्रात टाळता येत नाही, टाळूही नये. ज्यांच्यावर लोकांची श्रद्धा आहे त्यांची टर उडवण्यात ना विनोद आहे, ना इतिहास. विनोदाची जागा दुसरीकडे आहे: चिखलात रुतलेल्या तोफा, फसलेले बेत, घमेंडखोर सरदारांच्या वल्गना, त्या काळची औषधे, कारकुनांची धांदल. कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांनी संभाजी महाराजांना दूध पाजून वाढवले. त्यांच्यावरचे पान हसवता हसवता डोळ्यांत पाणी आणू शकते. तान्ह्या राजपुत्राला भूक लागली की किल्लाभर कशी धावपळ होत असेल, हे मुलांना सांगायला चित्रकार हवाच.

चित्रकार हा निम्मा लेखक

‘हॉरिबल हिस्टरीज’ म्हटले की वाचकाला मार्टिन ब्राउन यांची रेषा आठवते. आपल्याकडेही तेच घडले. मुंबईत १९६७ साली अनंत पै यांच्या संपादनाखाली ‘अमर चित्र कथा’ सुरू झाली. तिचे रूप घडले राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम यांच्या हातून. १९८० साली त्याच घरातून ‘टिंकल’ निघाले. वाईरकरांचा सुपंडी आणि वसंत हळबे यांचा शिकारी शंभू ही विनोदी पात्रे त्याच पानांतून घरोघरी पोचली. पुण्याच्या ‘सकाळ’मध्ये १९९१ साली सुरू झालेला ‘चिंटू’ हा चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर या जोडीचा. त्याची पुस्तके निघाली, २०१२ आणि २०१३ साली दोन चित्रपट आले.

या सगळ्यांतून एक गोष्ट निघते. पुढे मंचावर, पडद्यावर किंवा खेळण्यात जे जाते ते पात्र असते, आणि पात्राचा चेहरा चित्रकार देतो. म्हणून चित्रकाराला पानामागे मानधन देऊन मोकळे व्हायचे, की विक्रीत वाटा द्यायचा, हे पहिल्याच दिवशी ठरवावे. मालिका चालली तर दुसरा पर्यायच न्याय्य ठरतो.

आपल्या मालिकेत सूत्रधार कोण? ब्रिटिश दूरचित्रवाणीने रॅटस रॅटस नावाचा बाहुला उंदीर निवडला. आपल्याला उंदीर उसना आणावा लागत नाही, तो महाराजांच्या पत्रातच आहे. वात तोंडात धरलेला तो उंदीर पानापानातून फिरेल, शंका विचारेल आणि पुरावा कुरतडायला गेला की दटावला जाईल.

एका पुस्तकाचा हिशेब

आता पैशाचे पाहू. समजा पुस्तक चौसष्ट पानांचे, म्हणजे सोळा पानी चार फर्म्यांचे आहे आणि किंमत १५० रुपये आहे. विक्रेत्याला ४० टक्के कमिशन दिले तर ६० रुपये गेले, उरले ९०. रंगीत छपाई, कागद आणि बांधणी मिळून प्रतीमागे ४५ धरले तर उरले ४५. लेखक आणि चित्रकाराला मिळून किमतीच्या १२ टक्के दिले तर १८ रुपये गेले. राहिले २७. यात संपादन, मुद्रितशोधन, गोदाम, टपाल आणि जाहिरात भागवायची. हजार प्रतींची आवृत्ती पूर्ण संपली तरी हाती सत्तावीस हजार रुपये. हे आकडे केवळ समजण्यासाठी धरले आहेत, प्रत्येकाचे थोडे मागेपुढे होतील, पण गणिताचा कल बदलत नाही.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, एकटे पुस्तक संशोधकाचा आणि चित्रकाराचा खर्च पेलत नाही. सहा-आठ पुस्तकांची मालिका झाली की पेलते, कारण एक पुस्तक दुसऱ्याची जाहिरात करते आणि दुसऱ्या आवृत्तीला चित्रांचा व मांडणीचा खर्च पुन्हा करावा लागत नाही. दुसरी, पसारा वाढवणे ही चैन नाही, गरज आहे. मात्र मालिका उभी राहण्याआधी पसारा वाढवला तर होती ती पुंजीही जाते.

मालिका म्हणजे एकसारखेपणाचे वचन. आकार तोच, सूत्रधार तोच, पुराव्याची चौकट तीच, किंमत जवळपास तीच. विषय मात्र दरवेळी नवा: ‘राजगडावरचा एक दिवस’, ‘पुरंदरचे बाळ’, ‘तोरण्याची दुरुस्ती’, ‘भोरचे पंतसचिव’. मुलगा दुसरे पुस्तक हातात घेतो तेव्हा त्याला आत काय मिळणार हे ठाऊक असते आणि काय कळणार हे ठाऊक नसते. तिसऱ्या पुस्तकावर तो आपण होऊन हात ठेवतो. ब्रँड या शब्दाचा व्यवहारातला अर्थ एवढाच आहे.

हक्कांची कागदपत्रे

इथे बहुतेक मराठी प्रकल्प ढिले पडतात, म्हणून थोडे सावकाश पाहू.

इतिहासातल्या घटनेवर कोणाचा मालकी हक्क नसतो. ती सांगण्याच्या शब्दांवर आणि चित्रांवर असतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. जुने पत्र सर्वांचे असले तरी आजच्या संपादकाने त्याला लिहिलेल्या टिपा आणि केलेला अनुवाद त्याचा असतो. तो वापरायचा तर परवानगी घ्यावी.

हक्क दुसऱ्याला द्यायचे तर करार लेखी आणि सहीचाच लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतो. हक्क घेऊन वर्षभर काहीच केले नाही, तर करारात वेगळे ठरले नसल्यास ते परत येतात. म्हणून ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’ अशा एका ओळीवर कोणी समाधान मानू नये. पुस्तक, ई-पुस्तक, ध्वनिपुस्तक, नाटक, चित्रपट, खेळणी आणि अनुवाद यांची वेगवेगळी कलमे लिहावीत आणि प्रत्येकाची मुदत व वाटा समोर मांडावा.

पुस्तकाच्या नावाला कॉपीराइटचे संरक्षण मिळत नाही. मालिकेचे नाव आणि बोधचिन्ह जपायचे ते १९९९च्या ट्रेड मार्क कायद्याखाली नोंदवून. नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे नूतनीकरण होते. पुस्तके सोळाव्या वर्गात, खेळ व खेळणी अठ्ठाविसाव्यात, शिक्षण व मनोरंजन एक्केचाळिसाव्यात येते. ‘गमतीदार इतिहास’ यासारखे केवळ वर्णन करणारे नाव नोंदवून घेणे जड जाते. स्वतः घडवलेले, वेगळे नाव घ्यावे.

आणखी एक कायदा इथे फार महत्त्वाचा आहे. १९५०च्या बोधचिन्हे आणि नावे यांच्या गैरवापराला प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या परिशिष्टात छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आणि चित्र येते. केंद्र सरकारच्या परवानगीविना ते ट्रेड मार्क म्हणून किंवा व्यापारी कारणासाठी वापरता येत नाही. मालिकेचा चेहरा म्हणून उंदीर निवडण्याला हेही एक भक्कम कारण आहे. डब्यावर, वहीवर किंवा टी-शर्टवर कल्पित पात्र आले तर ना कायदा आडवा येतो, ना कोणाची श्रद्धा दुखावते.

ISBN क्रमांकासाठी भारतात पैसे लागत नाहीत. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून तो मिळतो.

पसाऱ्याचा क्रम

कशानंतर काय करायचे याला एक साधा नियम आहे: कमी खर्चाचे आधी, जास्त खर्चाचे नंतर. ‘हॉरिबल हिस्टरीज’चा प्रवास पाहा. पुस्तके १९९३, कार्टून मालिका २००१, बर्मिंगहॅम स्टेज कंपनीची नाटके २००५, बीबीसीच्या मुलांच्या वाहिनीवरची विनोदी मालिका २००९, चित्रपट २०१९. पहिल्या पुस्तकापासून चित्रपटापर्यंत सव्वीस वर्षे गेली. त्या दूरचित्रवाणी मालिकेला २०१० साली ब्रिटिश कॉमेडी पुरस्कार मिळाला. मोठ्यांच्या कार्यक्रमांना मागे टाकून तो मिळवणारी ती मुलांची पहिली मालिका ठरली.

आपल्याकडे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुस्तकांतून १९८०च्या दशकात दूरदर्शनवर आला आणि २०१७ साली चित्रपटात. इथेही मधली वर्षे मोजून घ्यावीत. पात्र वाचकांच्या मनात मुरले होते, म्हणून पडद्यावर टिकले.

कामथडीच्या परिसरात पहिली पायरी म्हणून वर्गातले वाचन घ्यावे. चौथीच्या मुलांना शिवछत्रपतींचा इतिहास अभ्यासाला असतोच. पुस्तक छापण्याआधी नमुन्याची आठ पाने चार-पाच गावांच्या शाळांत वाचून दाखवावीत. मुले कुठे हसली, कुठे जांभई दिली आणि कुठे ‘खरंच का?’ म्हणाली, याची नोंद ठेवावी. ज्या पानावर तिन्हींपैकी काहीच झाले नाही ते पान पुन्हा लिहावे. वाचकाला मालिकेत भागीदारही करावे. सुपंडीची मूळ कल्पना ‘टिंकल’ला एका वाचकाने तमिळनाडूतून पाठवली होती.

दुसरी पायरी गडाची. राजगड जुलै २०२५मध्ये ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांपैकी एक आहे. शाळांच्या सहली तिथे पूर्वीपासून येतात. मुलांच्या हातात देण्याजोगा घडीचा नकाशा हे पुस्तकाला जोडून येणारे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी साधन ठरेल. त्यात पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी माची, बालेकिल्ला, प्रत्येक ठिकाणी शोधायची एक वस्तू आणि उत्तराशेजारी पुराव्याचा शिक्का असावा.

तिसरी पायरी रंगमंच. १९५९ साली सुधा करमरकरांच्या लिटल थिएटरने रत्नाकर मतकरींचे ‘मधुमंजिरी’ केले, तेव्हापासून मराठी बालरंगभूमीची परंपरा चालत आली आहे. बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या ‘जाणता राजा’ने इतिहास हजारो प्रेक्षकांसमोर उभा केला. आपल्याला हत्ती-घोडे लागत नाहीत. चार नट, एक ढोलकी, टोप्यांची पेटी आणि पन्नास मिनिटांची संहिता पुरे. जाहीर प्रयोगाआधी संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्यासाठी वेळ राखून ठेवावा.

यानंतर ध्वनिपुस्तक, पत्त्यांचा खेळ, वार्षिक अंक, अॅप. दूरचित्रवाणी आणि चित्रपट सर्वांत शेवटी. तेही दुसऱ्याच्या पैशाने आणि आपल्या अटींवर.

कुठे मोडते

पसारा वाढला की प्रत्येक माध्यमात नवी माणसे येतात. ती पुराव्याची चौकट विसरतात. बीबीसीच्या मालिकेसाठी ग्रेग जेनर हे इतिहासाचे सल्लागार होते, तरीही परिचारिका फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि मेरी सीकोल यांच्यावरचे एक प्रहसन चुकीचे ठरले. नाइटिंगेल यांनी वर्णभेद केला असे त्यात सुचवले होते, पण त्याला आधार नव्हता. २०१४ साली बीबीसी ट्रस्टने तसा निर्णय दिला. विनोदासाठी घेतलेली सूट एका खऱ्या व्यक्तीवर आरोप होऊन बसली. आपल्याकडे अशी चूक एका भागापुरती राहणार नाही, सगळी मालिका दुकानांतून उतरेल.

म्हणून करारात एक कलम हवेच: मालिकेचे नाव लागणारी कोणतीही वस्तू, मग ती नाटकाची संहिता असो की खेळातला पत्ता, इतिहासाच्या अभ्यासकाने तपासल्याशिवाय बाहेर जाणार नाही. त्या तपासणीचे मानधन अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत लिहावे. पुण्यात १९१०पासून भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. कागद वाचणारी, मोडी जाणणारी माणसे आपल्याकडे आहेत. त्यांना मुलांच्या पुस्तकासाठी कोणी फारसे विचारत नाही, एवढेच.

भोर-वेल्ह्यातल्या शिक्षकांना, पुण्यातल्या छोट्या प्रकाशकांना आणि हात शिवशिवणाऱ्या चित्रकारांना माझी विनंती आहे. ब्रँडचा विचार नंतर करा. आधी चौसष्ट पानांचे एक पुस्तक असे करा, की त्यातला प्रत्येक विनोद कागदावर बोट ठेवून सिद्ध करता येईल. आणि ज्यांच्या घरी जुने कागद, वह्या, पत्रे आहेत त्यांनी ती वाळवीच्या तोंडी जाण्याआधी अभ्यासकाला दाखवावीत. कारीच्या जेध्यांनी आपली शकावली जपली, म्हणून महाराजांच्या जन्माचा वाद मिटवता आला.